पॅरामेडिक व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं वाचा

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षांच्या पाठीवर आणि हल्ली मोबाइलवरही एकाच छापाची जाहिरात दिसायला लागते : ‘सहा महिन्यांत पॅरामेडिकल डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’. वर १०८ नंबरच्या रुग्णवाहिकेचा फोटो. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, पण आरोग्य क्षेत्रातच काहीतरी करायचंय, अशी मुलं तिकडे ओढली जातात. त्यातच २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली आणि ‘घरबसल्या पॅरामेडिकल’ विकणाऱ्यांची पंचाईत झाली. पालकांचा गोंधळ मात्र संपलेला नाही. कुठला कोर्स चालतो, त्यातून नक्की कसलं काम मिळतं आणि त्या फोटोतल्या गाडीत आपल्या मुलाला खरंच जागा आहे का, हे प्रश्न तसेच आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो जवळजवळ कोणी विचारत नाही.

पॅरामेडिकल सगळे, पॅरामेडिक थोडेच

रक्त तपासणारा लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचं मशीन चालवणारा, ऑपरेशन थिएटरमधला सहायक ही सगळी पॅरामेडिकल मंडळी. पॅरामेडिक हा त्यातला एकच : दवाखान्यात पोचण्याआधी, घटना घडली तिथे आणि गाडीत, रुग्णावर उपचार करणारा. त्याच्या आधीची पायरी म्हणजे ईएमटी, अर्थात इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. ईएमटी प्राथमिक उपचार करतो, तर पॅरामेडिकचं प्रशिक्षण लांबलचक असतं आणि त्याला सुई लावणं, औषधं देणं, हृदयाचा आलेख वाचणं यायला हवं. आपल्याकडे दोन्ही नावं सर्रास अदलाबदल करून वापरतात. लॅबचा डीएमएलटी केलेल्या मुलाला रुग्णवाहिकेवर घेत नाहीत आणि पॅरामेडिकला लॅबमध्ये घेत नाहीत, हे प्रवेश घेतल्यावर कळलं तर वर्ष वाया जातं.

हमरस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी येणारा मेकॅनिक आठवा. तो इंजिन खोलत बसत नाही. गाडी गॅरेजपर्यंत पोचेल एवढी चालू करून देतो. पॅरामेडिकचं काम तसंच असतं. आजार बरा करणं त्याच्याकडे नाही. श्वास चालू ठेवणं, रक्त थांबवणं, हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि शॉक देऊन ते पुन्हा चालू करायला बघणं आणि रुग्णाला योग्य दवाखान्यात, जवळच्याच नव्हे तर योग्य दवाखान्यात, नेणं हे त्याच्याकडे.

ती पहिली दहा मिनिटं

समजा, जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर साठीच्या बाई बेशुद्ध पडल्यात. घामाने चिंब. घरचे म्हणतात, हार्ट अटॅक. शेजारी म्हणतात, लकवा. पॅरामेडिक आधी हाक मारून, खांद्याला हलवून बघतो. मग श्वास, नाडी, बोटाला ऑक्सिजन मोजायचा क्लिप, रक्तदाब. आणि बोटाला टोचून साखर. ग्लुकोमीटरवर आकडा येतो ३८. आता घरच्यांना नेमका प्रश्न : शुगरची औषधं चालू आहेत का? हो, सकाळी इन्सुलिन घेतलंय. खाल्लं काय? आज एकादशी, पोटात काहीच नाही. म्हणजे हा अटॅकही नाही आणि लकवाही नाही, साखर खाली गेलीय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. म्हणून शिरेतून ग्लुकोज. थोड्या वेळात बाई डोळे उघडतात आणि घरात ही अनोळखी माणसं कोण म्हणून विचारतात.

यात कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही. लागला तो क्रम. हाच क्रम अंगवळणी पडावा म्हणून तर प्रशिक्षण असतं, कारण आजूबाजूला दहा माणसं ओरडत असताना डोकं चालत नाही, हात चालतात.

त्यानंतरचा भाग पुस्तकात नीट येत नाही. वाड्याच्या लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. रुग्णाला खुर्चीत बसवून, पट्ट्यांनी बांधून, एकाने वर आणि एकाने खाली धरून उतरवावं लागतं. पाठ धरते ती इथे. हा व्यवसाय अंगमेहनतीचा आहे.

आणि गणिताचाही आहे, हे ऐकून मुलं दचकतात. हातात उचलून न्यायचा बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर. रस्ता, पाऊस आणि वाटेतली गावं धरली तर अडीच तासांत पोचायची खात्री नाही. त्यामुळे ड्युटीवर आल्यावर चहाच्या आधी सिलिंडरचा काटा बघायचा असतो. गाडीत मोठे सिलिंडर बसवलेले असतात खरे, पण त्यांचाही काटा कोणीतरी बघावाच लागतो.

दवाखाना कुठला, हे ठरवणं

मला विचाराल तर या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य सुई लावणं नव्हे, गाडी कुठे वळवायची हे ठरवणं. एखाद्याचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात आणि तेही सीटी स्कॅन केल्यावर. त्यामुळे जिथे सीटी स्कॅन नाही अशा जवळच्या दवाखान्यात थांबणं म्हणजे वेळ घालवणं. ‘शेवटचं नीट कधी बोलले होते?’ हा एक प्रश्न विचारून ती वेळ कागदावर लिहिणारा पॅरामेडिक पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम करून ठेवतो.

साप चावल्यावर तसंच. चिरा द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, पायाला फळी लावून तो हलू द्यायचा नाही, चावल्याची वेळ लिहायची. मण्यार चावली तर जागेवर सूज फारशी दिसत नाही, पण काही तासांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. असा रुग्ण व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचेपर्यंत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, दर सहा सेकंदांनी एकदा श्वास द्यावा लागतो. तासाभराच्या प्रवासात ६०० वेळा. चालत्या गाडीत, एका हाताने मास्क तोंडावर घट्ट धरून.

रस्त्यावरच्या अपघातात आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. जखम झाल्यापासूनचा पहिला तास म्हणजे ‘गोल्डन अवर’, ही व्याख्या आता मोटार वाहन कायद्यातच आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली : नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. आपल्या भागातली अशी रुग्णालयं कोणती, हे ज्याला पाठ आहे त्याची गाडी ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्या दारात अडकत नाही.

महाराष्ट्रातली खरी अडचण : गाडीत आधीच डॉक्टर बसलाय

आता त्या जाहिरातीतल्या फोटोकडे वळू.

देशात १०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादेत झाली. त्याच वर्षी मुंबईत १२९८ ही खासगी रुग्णवाहिका सेवाही सुरू झाली. गोव्यात १०८ आली २००८ मध्ये. या हैदराबादी पद्धतीत गाडीत दोघं असतात : चालक, ज्याला तिथे पायलट म्हणतात, आणि ईएमटी. ईएमटीला अडलं तर तो नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरला फोन लावतो आणि डॉक्टर सांगेल ते औषध देतो.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सुरू केली ती ९३७ गाड्यांसह. त्यात २३३ गाड्या व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या एएलएस, म्हणजे प्रगत जीवरक्षक, आणि ७०४ गाड्या बीएलएस, म्हणजे मूलभूत जीवरक्षक. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. पण इथे रुग्णापाशी बसायला ईएमटीऐवजी डॉक्टरच नेमायचं धोरण ठेवलं गेलं. ते बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे पदवीधर, ज्यांना आपत्कालीन उपचारांचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं.

लोकांना हे बरं वाटतं. गाडीत डॉक्टर आहे म्हटलं की धीर येतो. पण पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्या मुलाच्या बाजूने बघा. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णवाहिका सेवेत त्याच्या शिक्षणाला साजेशी जी खुर्ची, ती डॉक्टरसाठी राखलेली आहे. गोव्यात किंवा तेलंगणात ती त्याला मिळू शकते. जाहिरात छापणारा हे सांगत नाही, कारण फोटो छान आलाय.

गाडीत डॉक्टरच हवा का, हा वाद जगात जुना आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला १९६७ मध्ये फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. डॉ. पीटर सफार यांनी गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली, बरीचशी बेरोजगार माणसं निवडून त्यांना कसून शिकवलं. काहींचं शालेय शिक्षणही पूर्ण नव्हतं. ही माणसं रस्त्यावर जे करून दाखवत होती, त्यातून अमेरिकेतल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाची घडी बसत गेली. मला यातून पटतं ते एवढंच की पदवी कुठली यापेक्षा हात किती वेळा त्या कामावरून फिरलाय, हे रुग्णाच्या दृष्टीने जास्त मोलाचं. आपल्याकडे मात्र भरतीचा कागद पदवी बघतो आणि नोकरी शोधणाऱ्याला त्या कागदाशीच गाठ पडते.

मग नोकरी आहे तरी कुठे?

आहे, पण विखुरलेली. मोठ्या खासगी रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात आणि त्यांच्या कार्डिॲक रुग्णवाहिकांवर सगळ्यात जास्त. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवणं हे मोठ्या शहरांत रोजचं काम झालंय आणि त्यासाठी चांगली माणसं हवी असतात. कायद्यानुसार ५०० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम लागते. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी या पट्ट्यांत त्यामुळे जागा निघतात. शिवाय मॅरेथॉन, मोठे सोहळे, चित्रीकरणाचे सेट, महामार्गांवरची मदत पथकं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वेगाचे रस्ते वाढतील तसं हे काम वाढणार, याला ज्योतिषी नको.

आखातात मागणी आहे, पण एजंट सांगतो तेवढं ते सोपं नाही. दुबई, सौदी इथे त्यांच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. त्यासाठी तुमची प्रमाणपत्रं डेटाफ्लो नावाच्या पडताळणीतून थेट कॉलेजकडे तपासली जातात, मग प्रोमेट्रिकची संगणकावरची परीक्षा. कॉलेज कागदावरच असेल तर गाडी पहिल्याच पायरीवर थांबते. ब्रिटनमध्ये तर नोंदणी असल्याशिवाय स्वतःला पॅरामेडिक म्हणवणंही गुन्हा आहे आणि तिथे आता या व्यवसायासाठी पदवीची पातळी धरतात.

पगाराचं स्पष्ट बोलायचं तर सुरुवात तुटपुंजी असते, नेमणूक बहुतेक कंत्राटी आणि बारा तासांची पाळी सर्रास. रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांची वेतनासाठीची आंदोलनं अनेक राज्यांत झालेली आहेत. पहिली दोन-तीन वर्षं हात घडवण्याची समजूनच चालावं लागतं. घरची परिस्थिती तेवढी कळ काढू देते का, हे आधी बघा.

कोर्स पारखायचा कसा?

२०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना आपापल्या परिषदा होत्या. बाकीचे डझनावारी व्यवसाय वाऱ्यावर होते. ते आता या कायद्याखाली आले आणि त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, नाव घेऊन आलाय. कायदा म्हणतो : सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवायचं तर दोन ते चार वर्षांत विभागलेलं किमान २००० तासांचं शिक्षण हवं. आता सहा महिन्यांच्या ‘डिप्लोमा’चा हिशेब करा. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस धरले तरी ९०० तास होतात. जाहिरातवाले हा हिशेब करत नाहीत, तुम्ही करा.

याचा अर्थ छोटे कोर्स निरुपयोगी असा नाही. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा ईएमटी-बेसिकसारखा काही महिन्यांचा कोर्स कामाला लावू शकतो; फक्त तो काय आहे हे ओळखून करावा आणि त्याची फी पदवीएवढी नसावी. पुढे जायचं असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीची बीएस्सी करावी. ती साधारणपणे तीन वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप अशी असते.

कॉलेजात गेलात तर इमारत बघू नका. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर किती तास पाठवता, कुठल्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणि ते लेखी देता का, हे विचारा. राज्याच्या परावैद्यक परिषदेत किंवा २०२१ च्या कायद्याखालच्या परिषदेत नोंदणी होईल का, हे कॉलेजला नव्हे, परिषदेलाच विचारा. आणि गेल्या बॅचच्या दोन-तीन मुलांशी बोलू द्या म्हणा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

‘त्यापेक्षा नर्सिंग बरं नाही का?’

बऱ्याच घरांत शेवटी गाडी इथे येते आणि आक्षेप खोटा नाही. नर्सिंगला १९४७ पासून कायदा आहे, परिषद आहे, सरकारी भरती आहे, परदेशाची मळलेली वाट आहे. पक्की सरकारी नोकरी हाच पहिला निकष असेल तर नर्सिंग घ्या, मी तरी दुसरं सांगणार नाही. पॅरामेडिक त्याने व्हावं ज्याला वॉर्डात तेच तेच दिवस काढणं जमणार नाही आणि पुढचा फोन कसला असेल हे माहीत नसणंच आवडतं.

मुलींना जमेल का? बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला गाडीत कोण हवंसं वाटेल, हे तिलाच विचारा. रात्रपाळीची सुरक्षितता आणि विश्रांतीची जागा यांची चौकशी मात्र मुलीने नोकरी घेताना करायलाच हवी, कारण अनेक थांब्यांवर साधं स्वच्छतागृहही नसतं.

चुकलं तर मानेवर कोणाच्या?

अपघातात मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याने संरक्षण दिलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं कलमच आलं. पण ते स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला. ड्युटीवरचा पॅरामेडिक त्यात बसत नाही. त्याचं संरक्षण दोन गोष्टींत : ठरवून दिलेले प्रोटोकॉल आणि त्याने भरलेला फॉर्म. किती वाजता पोचलो, नाडी किती होती, कोणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून कुठलं औषध किती दिलं, हे लिहिलं नसेल तर केलेलं कामही न केल्यात जमा. मृत्यू घोषित करण्याचा अधिकारही त्याला नाही, तो डॉक्टरचा. नातेवाईक ‘गेले का हो?’ विचारत असतात आणि त्याला ‘दवाखान्यात नेतोय’ एवढंच म्हणता येतं. हे सहन करायला पाठीच्या कण्यापेक्षा वेगळं काहीतरी लागतं. त्याची तयारी फार थोड्या कॉलेजांत करून घेतात.

फी भरण्याआधी एक दिवस

सगळ्यात स्वस्त चाचणी अशी : बीएलएसचा एक दिवसाचा वर्ग करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमाचे असे वर्ग पुण्या-मुंबईतच नव्हे, इतर मोठ्या शहरांतही होतात. रबरी पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. हे करून घरी आल्यावर पुन्हा करावंसं वाटलं तर कॉलेज शोधायला लागा. मिळालेलं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. त्यानंतर पुन्हा वर्ग, पुन्हा परीक्षा, नोकरी कितीही वर्षांची असली तरी.